जाऊन राहिली

पुणे, २० डिसेंबर १९६३

बाईस पुंजाचा जयभीम.

मागची तीन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे ती तुला पोचली असावीत. उत्तर मात्र दोन वर्षांत एकाचंही नाही. तू मुळातच कमी बोलणारी. आता लिहायला शिकलीस, म्हणजे गप्प बसायला आणखी एक जागा झाली. ही थट्टा आहे, रागावू नकोस. आधीचाच राग अजून शिल्लक आहे.

अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. जोडाक्षरंही कमी घालायची ठरवलं होतं, कारण तुझं वाचन जेमतेम सहा वर्षांचं. पण दोन ओळींतच तो बेत बारगळला. इथे पुण्यात मी मोठ्या बहिणीला 'बाई' म्हणतो असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या शाळेत शिकवतात? आता सांगणंच सोडून दिलं आहे.

पत्राला कारण असं, की जानेवारीत मी तिकडे येतो आहे. माझ्या 'चार महिने' कादंबरीची पहिली आवृत्ती संपली. प्रकाशक दुसरी काढतो आहे आणि तिचा गाजावाजा व्हावा म्हणून मला गावोगाव भाषणं करायला पाठवतो आहे. नंदीबैलाला दारोदार नेतात तसंच. मी फक्त मान हलवायची. नऊ तारखेला अकोला, बाराला अमरावती, मग नागपूर. अकोल्याचा कार्यक्रम वाचनालयात संध्याकाळी पाच वाजता आहे. तिथले चिटणीस खुशालराव म्हणून आहेत, त्यांना पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवायला लिहिलं आहे. एक तुझी, एक ललिताची. मामाचं भाषण भाचीने एकदा ऐकायला हरकत नाही.

तू गाव सोडून अकोल्याला जिनात कापसाच्या कामाला लागलीस, हे मला मोतीराम मास्तरांच्या कार्डावरून कळलं. कार्डावर दोनच ओळी होत्या आणि दुसरी ओळ सहीची होती. मास्तरही रागावले असावेत.

पुस्तकातल्या त्या वाक्याबद्दल तुझा राग आहे, हे मी समजतो. ती छापण्यातली चूक आहे, बाई. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस दिवसभर उलटी अक्षरं जुळवत बसतो, एखादा शब्द इकडचा तिकडे होतोच. तेवढ्यासाठी सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरायचा?

तुला आठवतं का, पहिल्या वर्षी मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो आणि खानावळीची गोष्ट सांगितली होती? खोलीसोबत्याने दारातून विचारलं, काय करतोस. मी म्हणालो, जेवून राहिलो. त्यावर तो म्हणाला, जेवून कुठे राहिलास? सगळी पंगत हसली. आपल्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे आत्ता जेवतो आहे. त्यांच्याकडे त्याचा अर्थ, जेवलो आणि मुक्कामालाच थांबलो. तू चुलीपुढे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होतीस. मी हसलो नव्हतो. तेव्हापासून मी तोंड उघडायच्या आधी वाक्य धुऊन घेतो.

नक्की ये. जिनात एक दिवसाची सुट्टी माग.

तुझा पुंजा
(पुस्तकावरचा धर्मपाल)


अकोला, १० जानेवारी १९६४, सकाळ

बाई,

जिनाचा भोंगा लॉजच्या खोलीत ऐकू येतो. तू इथून मैलभरावर आहेस आणि मी तुला पोस्टाने पत्र लिहितो आहे. एखाद्या कादंबरीत असं लिहिलं असतं तर प्रकाशक म्हणाला असता, चालत का गेला नाही? त्याला काय सांगू, की पाय उचलत नाहीत. काल स्टेशनवरून येताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरा कापूस अडकला होता. टांगेवाला म्हणाला, यंदा माल लई हाय. मी म्हणालो, असेल. वऱ्हाडात येऊन मी 'असन' नाही, 'असेल' म्हणालो. त्याने मागे वळून बघितलं.

तुझी खुर्ची रिकामी राहिली, ललिताचीही. खुशालराव भला माणूस आहे. दोन्ही खुर्च्यांवर त्याने आपले रुमाल टाकून ठेवले होते आणि हॉल भरला तरी कोणाला बसू दिलं नाही. एक म्हातारे वकील दीड तास भिंतीला टेकून उभे होते. मी बोलत होतो आणि माझी नजर त्या रुमालांवर जात होती.

भाषणानंतर प्रश्न झाले. एका प्राध्यापकांच्या पत्नी उठल्या. त्यांनी विचारलं, कादंबरीतली शकुन मास्तरांच्या घरी जाऊन राहिली, तेव्हा मास्तरांच्या बायकोला काय वाटलं असेल, हे तुम्ही का लिहिलं नाही? मी म्हणालो, ते मी वाचकांच्या कल्पनेवर सोडलं आहे. टाळ्या पडल्या.

मास्तरांची बायको तर तिथेच असायची, बाई. दुर्गाबाई. तू पाटीवर बाराखडी गिरवायचीस आणि त्या शेजारी बसून तूर निवडायच्या, मध्येच तुझा 'ण' चुकला म्हणून ओरडायच्या. मी त्यांना कादंबरीतून काढलं, कारण त्या खोलीत बसल्या की तिथे काहीच घडत नाही.

ललिता आली होती. खुर्चीवर नव्हती, बाहेर चपलांपाशी उभी होती. मी तिला बारा वर्षांची असताना पाहिली होती, ओळखणार कसा? पण ती तुझ्यासारखी एक हात कोपरात धरून उभी होती, म्हणून ओळखली. चहा नको म्हणाली. मी विचारलं, बाई का आली नाही. ती म्हणाली, "मायनं सांगतलं, त्यानं लिवलं हाय तं त्यालेच खोडू दे."

मग उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पुस्तक गावात आलं तेव्हा आधी कोणाला काही कळलं नाही. मग तालुक्याच्या शाळेतल्या एकाने वाचलं आणि चावडीवर मोठ्याने वाचून दाखवलं. शकुन म्हणजे सुंदरा, म्हणजे तू, हे सांगायची गरजच नव्हती. विधवा होऊन माहेरी आलेली, पदरात एक पोरगी, डाव्या भुवईवर खूण, दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी मास्तरांकडे शिकायला जाणारी. मी नाव तेवढं बदललं होतं. आपल्या बोलण्यात तेच वाक्य आलं असतं तर कोणी कान टवकारले नसते. सारं गाव रोजच म्हणायचं, सुंदरा मास्तरच्या घरी जाऊन राहिली. म्हणजे, ती बघ जाते आहे. पण छापील मराठी आपले लोक पुण्याच्या अर्थाने वाचतात. पुस्तकात 'राहिली' म्हणजे राहिलीच.

ललिताची बाळापूरची सोयरीक त्यावरून मोडली, हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माय पुस्तक वाचून राह्यली होती, तवा अकरा दिवस कोनाशी बोल्ली नाही." अकरा दिवस, बाई. तू वाचलेलं पहिलं पुस्तक.

आता चांदूर बाजारचं स्थळ आलं आहे म्हणे. मुलगा एस.टी.त आहे, चांगला आहे, आणि मुलीने खाली मान घालून सांगितलं, म्हणजे तिलाही आवडला आहे. त्याचे चुलते नत्थुजी शाळामास्तर आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर घर नाही. त्यांनी माझं पुस्तक वाचलं आहे. अमरावतीच्या कार्यक्रमाला ते येणार आहेत. जाताना तिने विचारलं, "मामा, तुमी तिथं खरं सांगसान का?"

मी हो म्हणालो.

एक गोष्ट आत्ताच कबूल करतो. खिळे जुळवणाऱ्याची चूक नव्हती. मी मूळ प्रतीत आपल्या आजीच्या तोंडी घातलं होतं, 'शकुन मास्तरच्या घरी जाऊन रायली.' प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने ते शुद्ध केलं. तो एक निवृत्त शिक्षक होता, वऱ्हाड त्याने नकाशातसुद्धा नीट पाहिलं नसेल. त्याने 'मास्तरांच्या' केलं, 'राहिली' केलं, आणि वाक्य आजीच्या तोंडून काढून निवेदनात टाकलं. दोष त्याचा आहे. अमरावतीत हेच सांगणार आहे.

पुंजा


अमरावती, १३ जानेवारी १९६४

बाई,

सांगितलं. सांगून काय झालं, ते सगळं लिहितो. यात काही झाकायचं नाही असं ठरवलं आहे, बघू कितपत जमतं.

सभागृह मोठं होतं, माणसं चांगल्या कपड्यांतली. नत्थुजी दुसऱ्या रांगेत होते. पांढरी टोपी, मांडीवर माझं पुस्तक, त्यात खुणेसाठी एसटीचं तिकीट घातलेलं. मी ठरवलं होतं की पहिल्याच वाक्यात सांगायचं: ही कादंबरी माझ्या बहिणीवर आहे आणि तिच्यात एक खोटं आहे. पण उभा राहिलो आणि ते वाक्य पुढे ढकललं. इतकी भाषणं करून एक सवय लागली आहे, आधी लोकांना हसवून घ्यायचं. म्हणून मी खानावळीची गोष्ट सांगितली. जेवून कुठे राहिलास. सभागृह असं हसलं की टाळ्याच वाजल्या.

त्यानंतर मी म्हणालो, याच तऱ्हेने माझ्या पुस्तकातली शकुन मास्तरांच्या घरी जाऊन राहिली. ती फक्त जात होती, शिकायला, रोज तासभर. त्यावर ते आणखी जोरात हसले. माझं मला ऐकू येत नव्हतं. मी म्हणत होतो, हे खरं आहे, ती माझी बहीण आहे, आणि लोकांना वाटत होतं की लेखक विनोद रंगवतो आहे. अध्यक्षांनी डोळे पुसले, हसून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आजच्या पेपरात आलं आहे: 'लेखकाने वऱ्हाडी बोलीचे गमतीदार नमुने सांगून श्रोत्यांची करमणूक केली.' कात्रण पाठवत नाही.

हसले नाहीत ते एकटे नत्थुजी. गर्दी सरल्यावर ते मंचापाशी आले. अदबीने बोलले. म्हणाले, "सर, तुमी भाऊ हा. भाऊ असंच म्हनन. पन पुस्तकात लिवलं ते तवा लिवलं, जवा तुमाले कोनी विचारत नव्हतं."

मी त्यांना मुद्रितशोधकाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुस्तक उघडून तिकिटाच्या जागी बोट ठेवलं. "आन हे 'चार महिने'? हेबी त्या पुण्यावाल्यानंच लिवलं का?"

त्यांनी दोन मिनिटं वाट पाहिली, शाळेत मुलासाठी थांबावं तशी. मग टोपी सारखी करून जयभीम केला आणि गेले. तुझ्याकडे त्यांचा निरोप आला असेल. नसेल, तर तोच निरोप समज.

आता ते उत्तर तुला देतो. त्यांना द्यायला हवं होतं.

मुद्रितं माझ्याकडे तपासायला आली होती, बाई. ते वाक्य मी पाहिलं. त्याच्या शेजारी समासात मुद्रितशोधकाने लाल शाईने विचारलं होतं: 'किती दिवस राहिली? स्पष्ट व्हावे.' तो बिचारा प्रामाणिक होता. त्याला कळलं नाही म्हणून त्याने विचारलं. 'जेवून राहिलो' म्हणून पंगतीत हसं झालेला माणूस मी. त्या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये काय पडतं ते पुण्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एक रेघ मारून 'जात असे' लिहिलं असतं तर संपलं असतं. मी तासभर त्या पानाकडे बघत बसलो. आणि मग पेनने लिहिलं, 'चार महिने.'

स्वतःला सांगितलं की हे खोटं नाही. तू चार महिने जातच होतीस, दिवाळीपासून होळीपर्यंत. अक्षर न अक्षर खरं. फक्त ज्या वाक्याला जोडलं ते खोटं होतं. मी असं का केलं, ते आता अगदी साधं दिसतं. जात असे म्हटलं तर ती एका विधवेची अक्षरओळख होती, आणि पुण्यात ती कोण वाचणार? राहिली म्हटलं की ती कादंबरी झाली. प्रकाशकाला ते दोन शब्द इतके आवडले की त्याने पुस्तकाला तेच नाव दिलं. मग तिसरा भाग मी त्या नावाला शोभेल असा पुन्हा लिहून काढला. मास्तरांचं अंगण, पावसाळी रात्र, सगळं. तुझ्या हातातली पाटी तेवढी गेली. कोणी चूक केली नाही, बाई. मी केलं.

मला लाज वाटते. इतकी वर्षं मी हे वाक्य लिहिलं नव्हतं म्हणून लिहितो आहे: मला तुझ्यापुढे यायची लाज वाटते.

आज सकाळी पुण्याला ट्रंक कॉल लावला. दुसरी आवृत्ती थांबवा म्हणालो. प्रकाशक म्हणाला, छापून झाली, बांधणीला गेली आहे. मी म्हणालो, मग निदान शुद्धिपत्र जोडा, पहिल्याच पानाला चिकटवा. तो हसला. म्हणाला, अहो, शुद्धिपत्रात काना-मात्रा देतात. पुस्तकाचं नावच चुकलं आहे असं शुद्धिपत्र कोणी छापलं आहे का? आणि मग जरा दमाने, ते वाक्य काढलंत तर मागे उरतं काय? ते मात्र त्याने बरोबर विचारलं.

नागपूर रद्द केलं आहे. उद्या अकोल्यावरून तेल्हाऱ्याची बस धरतो. मास्तरांना भेटायचं आहे. तुझ्याकडे यायची हिंमत नाही, म्हणून आधी तिकडे.

पुंजा


तेल्हारा, १७ जानेवारी १९६४

बाई,

गावात तीन दिवस आहे. मास्तरांच्या घरीच जाऊन राहिलो आहे. हे मी पुण्याच्या अर्थाने लिहितो आहे, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

बस थांब्यावर ओळखीची माणसं होती. दोघा-तिघांनी जयभीम केला. सूर्यभान पाटलाने पेपरात फोटो पाहिला म्हणून सांगितलं. कोणी पुस्तकाबद्दल बोललं नाही आणि तुझ्याबद्दल तर नाहीच. मी मोठा झालो आहे, तू गेलीस. गावाने हिशोब असा मिटवला आहे.

मास्तरांची एका डोळ्याची दृष्टी गेली आहे. मला दारात पाहून ते उठले नाहीत, पण बस म्हणाले. दुर्गाबाईंनी भाकरी वाढली, ज्वारीची, वर तिखट. जेवण झाल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, जरा इकडे ये, आणि मागच्या खोलीत घेऊन गेल्या. कोपऱ्यात पाट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी मोजल्या, सात. पुस्तक आलं त्या हंगामात सात बाया शिकायला यायच्या. तू पहिली होतीस, तुझं बघून मागाहून या सात. चावडीवर वाचन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन आल्या. आठवडाभराने एकही नाही. कोणाच्या नवऱ्याने अडवलं, कोणाच्या सासूने. "आता कोनी धाडत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या, "अन् मी घरातच असतो, हे कोनाले सांगू?" त्यांनी पाट्यांवरून पदराने धूळ पुसली आणि त्या परत होत्या तशा ठेवल्या.

आजवर मला वाटायचं, माझ्या वाक्याने तुझं एकटीचं वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. मी तुला पाठवलेली प्रत, पहिल्या पानावर माझं 'बाईस सप्रेम'. म्हणाले, गाव सोडताना सुंदरानं ठेवून दिलं होतं, पुंजा आला तर त्याला द्या म्हणून. मी आत्तापर्यंत आलो नाही, हे ते म्हणाले नाहीत.

पुस्तक उघडायला मला भीती वाटत होती. वाटलं, पानं फाडलेली असतील. एकही फाटलेलं नव्हतं. अकरा दिवस तू वाचलंस आणि काठावर बोटाचे डाग सोडून काही नाही. आपली माय गेली त्या प्रसंगाच्या शेजारी मात्र पेन्सिलीने बारीक 'बरोबर' लिहिलं आहे, मास्तर पाटीवर लिहायचे तसं. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं.

मग एकशे त्रेचाळिसावं पान. मला खात्री होती की तू ते वाक्य खोडून काढलं असशील. तू एकच शब्द खोडलास. 'शकुन' खोडून वर 'सुंदरा' लिहिलंस. आणि 'घरी' नंतर काकपदाची खूण घालून वर तीन-चार शब्द बसवलेस. बाकी सगळं माझंच ठेवलंस, 'जाऊन राहिली'सुद्धा, 'चार महिने'सुद्धा. कारण ते खरं होतं. मी वाक्य मोडलं होतं, तू ते पुरं केलंस. मी इतकी वर्षं लिहितो आहे, बाई, मला हे सुचलं नव्हतं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हेही तिथेच कळलं. मोठी अक्षरं काढायची काही गरज नव्हती.

मास्तरांचा नियम तुला सांगायला नको. चुकलेलं वाक्य दहा वेळा बरोबर लिहायचं. आपण दोघांनीही ते केलं आहे, मी लहानपणी, तू तिशीत. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तू आकडे टाकलेस, एक ते दहा. नऊ आकड्यांपुढे ते वाक्य नऊ वेळा लिहिलंस. ओळी सरळ, आठवी जरा खाली उतरलेली. दहाव्या आकड्यापुढे वाक्य नाही. तिथे फक्त लिहिलं आहे, 'पुंजा'.

मी खूप रडलो. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. दुर्गाबाई चूल फुंकत राहिल्या. मग मास्तरांनीच खिशातली पेन्सिल काढून दिली.

मी तुझ्या नवव्या ओळीखाली लिहिलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चांगल्या डोळ्याजवळ नेलं, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि रबर माझ्यापुढे ठेवलं. मी लिहिलं होतं, 'वाचायला जात असे.' हाताला कळलंच नाही. वाक्य लिहितानाच धुऊन निघालं. मास्तर म्हणाले, "तिचं वाक्य लिव, पुंजा. तुवं नको."

मी खोडून पुन्हा लिहिलं. या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही, 'बरोबर'ही लिहिलं नाही. पुस्तक मिटून मला दिलं आणि विचारलं, अशी किती पुस्तकं आहेत? मी म्हणालो, पहिली अकराशे. दुसरीची दोन हजार. ते म्हणाले, मग अजून बरंच लिव्हायचं हाय.

ललिताचं ठरलेलं मोडलं, ते मला आता जोडता येणार नाही. त्या सात पाट्यांचंही काही करता येईल असं वाटत नाही. मी उद्या अकोल्याला येतो. खुशालरावांच्या वाचनालयात आपल्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करतो. नंतर बाळापूर, चांदूर बाजार, अमरावती, जिथे जिथे असेल तिथे. आजवर प्रतींवर सह्या करत फिरलो, आता हे करत फिरेन. तुझ्या दारात येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही तर नाही.

दहावी ओळ इथेही लिहितो. चुकली असेल तर परत पाठव.

१०. सुंदरा मास्तरांच्या घरी रोज एक घंटा वाचाले जाऊन राहिली. चार महिने.

पुंजा